विश्लेषण : जुने मेण चालेल, जुनी वात नाही! टाकाऊ वस्तूंपासून घरी केलेली मेणबत्ती सुरक्षित कशी ठरते?

कुंकवाच्या करंड्यातली मेणाची छोटी डबी आता बहुतेक घरांतून नाहीशी झाली आहे. आधी कपाळावर मेणाचे बोट टेकवायचे आणि त्यावर कोरडे कुंकू लावायचे, ही आजीच्या पिढीची रोजची सवय. ते मेण मधमाश्यांचे असे. तेच मेण आता वेगळ्या रूपात घरात परतताना दिसते. दिवाळीच्या तोंडावर बचत गटांचे स्टॉल, सोसायट्यांमधली प्रदर्शने आणि समाजमाध्यमांवरची छोटी दुकाने यांत जॅमच्या रिकाम्या बरण्या, कापलेल्या बाटल्या आणि नारळाच्या करवंट्यांत ओतलेल्या मेणबत्त्या हमखास असतात. टाकाऊतून टिकाऊ ही कल्पना चांगलीच आहे. मात्र मेणबत्ती ही शोभेची वस्तू असली तरी पेटवल्यावर ती आग असते. त्यामुळे तिच्यातला कोणता भाग जुना चालतो आणि कोणता चालत नाही, हे समजून घेणे गरजेचे आहे.

हा लेख लिहिण्यापूर्वी प्रस्तुत प्रतिनिधीने घरीच एक प्रयोग करून पाहिला. लोणच्याची काचेची बरणी, जुन्या मेणबत्त्यांचे तुकडे, थोडे मधमाश्यांचे मेण आणि जुन्या ओढणीची पिळलेली चिंधी वात म्हणून. पहिले दोन तास सगळे छान चालले. तिसऱ्या तासाला मेण तळाशी आले, ज्योत मोठी झाली आणि ‘टक’ असा आवाज होऊन बरणीला तळापासून तडा गेला. बरणी फरशीच्या तुकड्यावर ठेवली होती म्हणून वितळलेले मेण तिथेच पसरून थिजले. तीच बरणी पडद्याखालच्या लाकडी फळीवर असती तर? या एका प्रयोगात तीन चुका होत्या. त्या कोणत्या, ते पुढे येईलच.

मधमाश्यांचे मेण येते कुठून?

मेण हा मधमाशीच्या शरीरातून स्रवणारा पदार्थ आहे. कामकरी माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूला मेणाच्या ग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून पातळ पापुद्र्यासारखे मेण बाहेर येते. माशी ते चावून मऊ करते आणि त्याच्या षटकोनी कोठड्या बांधते. असा एक पापुद्रा साधारण १ मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे किलोभर मेणासाठी सुमारे दहा लाख पापुद्रे लागतात. इतके मेण तयार करायला माश्यांना त्याच्या कितीतरी पट मध खावा लागतो. ६ ते ८ किलो हा त्याचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज आहे.

महाराष्ट्रात पेटीत पाळल्या जातात त्या प्रामुख्याने सातेरी आणि मेलिफेरा जातीच्या माश्या. सह्याद्रीच्या कड्यांवर, उंच झाडांवर आणि शहरांतल्या इमारतींच्या छज्जांखाली जी मोठी पोळी दिसतात, ती आग्या माश्यांची. मधमाश्यांवर संशोधन आणि प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था पुण्यात १९६२ पासून आहे. महाबळेश्वर परिसरात तर मधपाळांच्या पिढ्यान् पिढ्या आहेत. याच तालुक्यातील मांघर हे मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

पेटीतून मध काढताना पोळे पिळत नाहीत. कोठड्यांवरची मेणाची झाकणे सुरीने कापून पोळे मधयंत्रात फिरवतात आणि रिकामे पोळे पुन्हा पेटीत ठेवतात. त्यामुळे माश्यांची मेहनत वाचते, पण मेण कमी मिळते. झाकणांतून मिळणारे मेण मधाच्या वजनाच्या साधारण १ ते २ टक्के भरते. अस्सल मेण महाग का असते आणि त्यात पॅराफिनची भेसळ का होते, याचे उत्तर या आकड्यात आहे.

‘टाकाऊ’ मेण म्हणजे कोणते?

पहिला स्रोत म्हणजे पेटीतली जुनी, काळवंडलेली पोळी. एकाच पोळ्यात पिल्लांच्या अनेक पिढ्या वाढल्या की कोषांची आवरणे कोठड्यांत साचतात आणि पोळे काळे पडते. अशी पोळी काढून टाकावीच लागतात, नाहीतर मेणपतंगाच्या अळ्या ती पोखरतात. यातले मेण वेगळे करण्याची पद्धत साधी आहे. पोळी रात्रभर पाण्यात भिजवायची, म्हणजे कोषांची आवरणे पाणी पितात आणि मेण शोषून घेत नाहीत. मग ती सुती फडक्यात बांधून स्टीलच्या पातेल्यातल्या पाण्यात मंद आचेवर ठेवायची. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ते पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते. पातेले झाकून सावकाश थंड होऊ दिले की वर मेणाची वडी धरते. वडीच्या खालच्या बाजूला चिकटलेला गाळ सुरीने खरवडून टाकायचा. लोखंड, तांबे किंवा पितळेच्या भांड्यात मेणाचा रंग बिघडतो, म्हणून स्टीलच बरे.

दुसरा स्रोत म्हणजे घरात उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे. हे बहुतेक पॅराफिनचे, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारे मेण असते. ते मधमाश्यांच्या मेणात मिसळता येते. मात्र त्यात अडकलेले वातीचे जळके तुकडे, काडेपेटीच्या काड्या आणि काजळी गाळून काढणे आवश्यक आहे. हे तुकडे वितळलेल्या मेणात तरंगत राहिले तर तेही वातीसारखे पेटतात आणि एका ज्योतीच्या दोन-तीन ज्योती होतात. आमच्या प्रयोगातली ही पहिली चूक. मेण गाळलेच नव्हते.

वाढदिवसाच्या केकवर ठिणग्या उडवणाऱ्या कांड्यांचे अवशेष मात्र यात कधीही टाकू नयेत. नाव ‘मेणबत्ती’ असले तरी त्यांच्यात ज्वालाग्राही दारू असते. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे अशा ‘स्पार्कल’ मेणबत्त्या बनवण्याच्या ठिकाणी लागलेल्या आगीत सहा जणांचा जागीच मृत्यू झाला आणि पुढे मृतांची संख्या आणखी वाढली. चमकी घातलेल्या आणि जेलच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडेही बाजूला ठेवावेत.

आणखी एक इशारा. इमारतीवरचे आग्या मोहोळ मेणासाठी स्वतः पाडायला जाऊ नये. आग्या माश्या झुंडीने हल्ला करतात आणि तो जिवावर बेतू शकतो. औषध फवारून काढलेल्या पोळ्याचे मेणही जाळू नये, त्यात कीटकनाशक राहिलेले असू शकते.

मेण वितळवताना धोका कुठे असतो?

बहुतेकांची समजूत अशी असते की मेण म्हणजे तुपासारखे काहीतरी, कढईत टाकले की विरघळेल. इथेच धोका सुरू होतो. मेण पाण्यासारखे उकळून ‘आता पुरे’ असे सांगत नाही. ते निमूट तापत राहते. साधारण २०० अंशांच्या पुढे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते आणि गॅसच्या शेगडीजवळ ठिणगी शोधावी लागत नाही.

म्हणून मेण नेहमी पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवतात. पाणी साध्या भांड्यात १०० अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे जोपर्यंत बाहेरच्या भांड्यात पाणी आहे, तोपर्यंत आतले मेणही त्याहून जास्त तापू शकत नाही. पेटण्याच्या तापमानापासून आपण किमान १०० अंश दूर राहतो. पण पाणी आटले की हे संरक्षण संपते. मेण गॅसवर ठेवून दुसऱ्या खोलीत जाणे, फोन घेणे हे अपघाताला आमंत्रण आहे. प्रेशर कुकर आणि मायक्रोवेव्ह यांचा वापर करू नये. मधमाश्यांच्या मेणाला ७० ते ७५ अंश पुरेसे आहेत. ८५च्या पुढे त्याचा रंग गडद होऊ लागतो. स्वयंपाकघरात साखरेच्या पाकासाठी मिळणारा थर्मामीटर यासाठी उत्तम. मेण ओतताना गॅस बंद ठेवावा आणि उरलेले मेण सिंकमध्ये ओतू नये, पाइपमध्ये ते दगडासारखे थिजते.

लहान मुलांना हा उद्योग करायचा असेल तर मेण वितळवायची गरजच नाही. मधपाळ पेटीत षटकोनी ठसे असलेला मेणपत्रा वापरतात. तुटका किंवा शिल्लक राहिलेला मेणपत्रा हाताच्या उबेने मऊ करून वातीभोवती घट्ट गुंडाळला की मेणबत्ती तयार.

मेणबत्ती जळते तेव्हा नेमके काय जळते?

घन मेण जळत नाही आणि द्रव मेणही थेट जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, वातीच्या धाग्यांमधून वर चढते, वर गेल्यावर त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मेणबत्ती विझवल्यावर निघणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला काडी लावून पाहा. ज्योत त्या रेषेवरून उडी मारत वातीपर्यंत परत येते. मायकेल फॅरेडे यांनी लंडनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर दिलेली व्याख्याने १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांतही हा प्रयोग आहे.

आता थोडे गणित. एक मध्यम मेणबत्ती तासाला साधारण ६ ते ७ ग्रॅम मेण जाळते. एका ग्रॅम पॅराफिनमधून सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे तासाला २७० किलोज्यूलच्या आसपास. त्याला ३६०० सेकंदांनी भागले की सुमारे ७५ वॅट येतात. जुन्या ६० वॅटच्या बल्बला हात लावून पाहिलेल्यांना याचा अर्थ लगेच कळेल. तीन वातींची मोठी मेणबत्ती म्हणजे २०० वॅटहून अधिक उष्णता, तीही बंदिस्त काचेच्या भांड्यात.

वात नवीनच का हवी?

वात हा मेणबत्तीचा पंप आहे. तो किती मेण वर खेचतो, यावर ज्योतीचा आकार ठरतो. जाड आणि सैल वात जास्त मेण ओढते, ज्योत उंच होते, काजळी धरते आणि भांडे तापते. वात बारीक असेल तर ज्योत स्वतःच वितळवलेल्या मेणात बुडून विझते.

ओढणी, टी-शर्ट किंवा पायजम्याची नाडी यांत अनेकदा पॉलिस्टर मिसळलेले असते. पॉलिस्टर वितळते, त्याचे गोळे होतात आणि ज्योत अस्थिर होते. आमच्या प्रयोगातली ही दुसरी चूक. समईची कापसाची वात तेलासाठी ठीक असते, पण ती सैल वळलेली असल्याने मेणबत्तीत नीट काम करत नाही. मेणबत्तीची वात वेणीसारखी विणलेली असते. ही कल्पना १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढे आली. विणलेली वात जळताना टोकाशी वाकते, ज्योतीच्या बाहेरच्या तप्त भागात येते आणि तिथे स्वतःच जळून जाते. त्यामुळे तिची लांबी आपोआप मर्यादेत राहते. त्याआधी वातीचे टोक सतत कात्रीने कापावे लागे.

मधमाश्यांचे मेण वितळल्यावर पॅराफिनपेक्षा दाट असते, म्हणून त्याला तुलनेने जाड वात लागते. शुद्ध सुती, विणलेली वात बाजारात अगदी स्वस्त मिळते. बचत करायची तर इथे करू नये. जुन्या मेणबत्तीतून काढलेली, आत धातूची तार असलेली वातही पुन्हा वापरू नये. पूर्वी वात ताठ राहावी म्हणून काही ठिकाणी शिशाची तार घालत आणि जळताना ते शिसे हवेत मिसळे. अमेरिकेने अशा वातींवर २००३ मध्ये बंदी घातली.

कोणती बरणी चालेल, कोणती नाही?

जॅम-लोणच्याच्या बरण्या साध्या सोडा-लाइम काचेच्या असतात. तापमान वाढले की ही काच प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेच्या सुमारे पावणेतीन पट प्रसरण पावते. बरणीचा एक भाग तापला आणि शेजारचा थंड राहिला की काचेत ताण येतो. त्यात आधीची बारीक चीर असेल तर काच तिथूनच फुटते. ज्योत तळाशी पोहोचल्यावर हा ताण सर्वाधिक असतो. मेण शेवटच्या थेंबापर्यंत जाळणे ही आमची तिसरी आणि सर्वांत मोठी चूक होती. तळाशी अर्धा इंच मेण उरले की मेणबत्ती विझवायची, हा नियम त्यासाठीच आहे. ते उरलेले मेण वाया जात नाही, पुढच्या मेणबत्तीत जाते.

बरणी वापरायचीच असेल तर ती जाड, सरळ भिंतींची आणि रुंद तोंडाची असावी. नखाला लागणारी चीर, टवका किंवा काचेतला बुडबुडा दिसला तर ती बाद. पाण्याचे पातळ ग्लास, स्टेमचे वाइन ग्लास टाळावेत. कापलेल्या बाटल्या दिसायला आकर्षक असतात, पण कापताना कडेला सूक्ष्म तडे राहतात. मेण ओतण्याआधी बरणी कोमट करून घ्यावी आणि ओतल्यावर ती पंख्याखाली किंवा फ्रिजमध्ये ठेवू नये.

करवंटी, लाकडी वाटी आणि बांबूचे पेर ही भांडी स्वतःच जळणारी आहेत. अशा मेणबत्त्या शोभेला ठेवाव्यात, पेटवू नयेत. बिनलेपाची मातीची कुंडी मेण शोषते, त्यामुळे तीही टाळलेली बरी. प्लास्टिकचा प्रश्नच नाही.

मग सर्वांत चांगले भांडे कोणते? प्रत्येक घरात पडून असलेली जुनी स्टीलची वाटी! ती फुटत नाही, जळत नाही. फक्त ती तापते, म्हणून तिच्याखाली फरशीचा किंवा टाइलचा तुकडा हवाच.

या मेणबत्तीने हवा शुद्ध होते का?

मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती ‘ऋण आयन’ सोडते आणि घरातली हवा स्वच्छ करते, असा दावा विक्रेते अनेकदा करतात. त्याला ठोस आधार नाही. कोणतेही मेण जळताना प्राणवायू वापरते आणि कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व थोडे सूक्ष्म कण बाहेर टाकते. वात योग्य असेल तर काजळी कमी होते, नसेल तर वाढते. खोलीत दमा असलेली व्यक्ती किंवा तान्हे बाळ असेल तर खिडकी किंचित उघडी ठेवावी. या मेणाला मधाचा मंद वास असतो आणि ते सावकाश जळते, हे त्याचे खरे गुण. जुन्या वडीवर पांढुरकी साय धरते. ती बुरशी नसते, फडक्याने पुसली की जाते.

पेटवल्यावर कोणती काळजी घ्यावी?

अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्थेच्या आकडेवारीनुसार घरांतल्या मेणबत्तीच्या आगींपैकी पाचपैकी तीन आगी एकाच कारणाने लागतात : जळू शकणारी वस्तू मेणबत्तीच्या फार जवळ असते. आपल्याकडे त्या वस्तू म्हणजे पडदा, तोरण, देवघरातले वस्त्र, ओढणी आणि सोफ्यावरची चादर.

- मेणबत्तीच्या चारही बाजूंना किमान एक फूट मोकळी जागा ठेवा. वरच्या फळीकडेही लक्ष द्या.
- प्रत्येक वेळी पेटवण्याआधी वात पाव इंचापर्यंत कापा.
- एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नका.
- दोन मेणबत्त्यांमध्ये किमान तीन इंच अंतर ठेवा, नाहीतर त्या एकमेकींना वितळवतात.
- पंखा किंवा वाऱ्याच्या झोतात ठेवू नका.
- झोपताना आणि खोलीतून बाहेर पडताना विझवा. लाइट गेल्यावर लावलेली मेणबत्ती लाइट आल्यावर विसरली जाते, हे लक्षात ठेवा.
- विझवताना फुंकर मारण्याऐवजी धातूचे झाकण ठेवा. मेण उडत नाही आणि धूरही कमी होतो.

मेणाने पेट घेतला किंवा भाजले तर?

पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकू नये. पाणी जड असल्याने तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा व्यापते. जळते मेण थेंबांच्या फवाऱ्यासारखे वर उडते आणि छतापर्यंत भडका उठतो. गॅस बंद करा, सपाट झाकण किंवा ताट बाजूने सरकवत भांड्यावर ठेवा आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका. पेटलेले भांडे उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नका. आग झाकणाच्या आवाक्याबाहेर गेली तर घराबाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

गरम मेण अंगावर सांडले तर तो भाग वीस मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. चिकटलेले मेण ओढून काढू नका, कातडी सोबत येते. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांपैकी काहीही लावू नका. चेहरा, हात किंवा मोठा भाग भाजला असेल तर थेट रुग्णालय गाठा.

विकणाऱ्यांनी काय करावे?

स्वतःच्या घरात चूक झाली तर ती आपल्यासमोर होते. विकलेली मेणबत्ती अनोळखी घरात, कोणाच्या तरी पडद्याशेजारी जळणार असते. त्यामुळे वात, मेण आणि भांडे यांच्या प्रत्येक नव्या जोडीची एक मेणबत्ती आधी स्वतः समोर बसून शेवटपर्यंत जाळून पाहावी. ज्योत किती उंच जाते, काजळी येते का, भांडे हाताला सोसवते का, याची नोंद ठेवावी. पुनर्वापराच्या वस्तूंबाबत हे अधिक महत्त्वाचे, कारण दहा वेगवेगळ्या बरण्या म्हणजे दहा वेगवेगळ्या मेणबत्त्या असतात. मेणात पॅराफिन मिसळले असेल तर तसे सांगावे. तळाला मराठीत तीन ओळींचे लेबल लावावे : वात कापा, लक्ष ठेवा, अर्धा इंच उरल्यावर विझवा.

थोडक्यात, मेण कितीही वेळा वितळवले तरी मेणच राहते, म्हणून ते जुने चालते. भांडे तपासून घ्यावे लागते. वात मात्र नवीच हवी. आमच्या तडा गेलेल्या बरणीतले मेण खरवडून, गाळून आता एका जुन्या स्टीलच्या वाटीत ओतले आहे. त्यात दुकानातून आणलेली सुती वात आहे आणि खाली तोच फरशीचा तुकडा.